परीक्षा व्हिडिओ गेमची!

दोस्तांनो, वार्षिक परीक्षा संपली आणि सुट्टी लागली रे लागली की घराघरांत एक ठरलेला संवाद सुरू होतो.

"बाबा, मला व्हिडिओ गेम हवाय."

"मोबाईलवर आहेत की इतके!"

"ते नाही हो. टीव्हीला जोडायचा. खराखुरा."

"बरं, कितीला मिळतो?"

इथे आपली गाडी अडते. कारण 'प्लेस्टेशन ५' हे यंत्र २०२१ च्या फेब्रुवारीत भारतात आलं, तेव्हा त्याची किंमत होती ४९,९९० रुपये! वर गेम वेगळे. त्या वेळच्या काही नव्या गेमची किंमत एकेकी ४,९९९ रुपये. आई आतून ओरडते, "एवढ्यात घरात नवा फ्रीज येईल!" आणि ते काही खोटं नाही.

मग आपण आपलं घोडं पुढे दामटतो. "अहो, पण त्याची पॉवर बघा! चित्रं कशी खरी वाटतात बघा!" शेजारच्या दादाकडे कुठलं यंत्र आहे, वर्गातल्या मित्राच्या यंत्रात किती गिगाबाइट जागा आहे, सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. पण पॉवर जास्त म्हणजे यंत्र चांगलं, हे ठरवलं कुणी?

चला, या वेळी आपण थोडी गंमत करू. नेहमी परीक्षेला आपण बसतो, आज यंत्रांना बसवू. घरी खेळायच्या व्हिडिओ गेमला पन्नासहून अधिक वर्षं झाली. इतक्या वर्षांत कोण पास झालं, कोण नापास आणि कशामुळे, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. म्हणजे जुन्या उत्तरपत्रिका हाताशी आहेत! त्यांच्यावरूनच प्रश्नपत्रिका काढू. प्रश्न सहा, प्रत्येकाला दहा गुण.

पण त्याआधी एक शब्द अधोरेखित करा, 'घरचा'. पूर्वी शहरांतून व्हिडिओ गेमची पार्लर असत. नाणं टाकायचं आणि खेळायचं. तिथलं यंत्र मुद्दामच अवघड केलेलं असे. तुम्ही लवकर हरलात, तरच तुम्ही दुसरं नाणं टाकणार, नाही का? घरच्या यंत्राचं तसं नाही. ते एकदा विकत घेतलं की घरातलंच एक होऊन राहतं. म्हणून त्याची परीक्षाही वेगळी.

प्रश्न १ : घराला परवडतं का?

१९६६ सालची गोष्ट. राल्फ बेअर नावाचे एक इंजिनिअर न्यू यॉर्कमधल्या बस स्थानकावर बसले होते. त्यांच्या मनात आलं, अमेरिकेत घरोघरी टीव्ही आहेत, पण लोक नुसते बघत बसतात. त्यांच्यावर खेळता आलं तर? त्यातूनच पुढे १९७२ साली 'मॅग्नाव्हॉक्स ऑडिसी' हे घरी खेळायचं पहिलं यंत्र बाजारात आलं.

आज ते पाहिलं तर तुम्हाला हसू येईल. पडद्यावर पांढरे ठिपके आणि एक रेघ. आवाज नाहीच! मैदान दिसावं म्हणून टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लॅस्टिकचा कागद चिकटवायचा. गुण कागदावर लिहायचे. खोक्यात फासे, पत्ते आणि खोट्या नोटासुद्धा होत्या. पण बेअरसाहेबांनी एक मोठी गोष्ट ओळखली होती. घरात जी वस्तू आधीच आहे, तिचाच उपयोग करायचा.

हाच विचार जपानच्या निंटेंडो कंपनीतल्या गुनपेई योकोई यांनी पुढे नेला. ते म्हणत, सगळ्यांत नव्या आणि महागड्या तंत्राच्या मागे धावू नका. जुनं, स्वस्त, सगळे गुणदोष कळलेलं तंत्र घ्या आणि ते नव्या तऱ्हेनं वापरा. अशा तंत्राला ते 'वाळलेलं' म्हणत. आपण मराठीत 'मुरलेलं' म्हणू या. कैरी तीच, पण मुरलेल्या लोणच्याची चव वेगळीच!

निंटेंडोचं 'फॅमिकॉम' हे यंत्र १९८३ च्या जुलैत जपानमध्ये आलं, तेही याच वाटेवरचं. किंमत १४,८०० येन. ते घडवणाऱ्या मासायुकी उएमुरा यांनी त्यात ८ बिटांचा स्वस्त प्रोसेसर वापरला. नावच बघा ना, 'फॅमिली कॉम्प्युटर'चं आखूड रूप! म्हणजे यंत्राच्या नावातच कुटुंब होतं.

काही यंत्रांनी परवडण्याचा आणखी एक मार्ग काढला. २००० साली आलेलं सोनीचं 'प्लेस्टेशन २' गेम तर खेळायला द्यायचंच, शिवाय त्यावर डीव्हीडीचे सिनेमे बघता यायचे आणि आधीच्या प्लेस्टेशनचे जुने गेमही चालायचे. जुन्या गेमचे पैसे पाण्यात नाहीत आणि वेगळा डीव्हीडी प्लेअर घ्यायला नको! जगात या यंत्राचे १५ कोटींहून अधिक नग खपले, त्याचं हे एक मोठं कारण.

प्रश्न २ : हातात बसतं का?

डोळ्यांना दिसतो पडदा, पण आपलं नातं असतं ते हातातल्या रिमोटशी. कंपन्या त्याला कंट्रोलर म्हणतात. फॅमिकॉम तयार होत होतं तेव्हा पार्लरसारखा उभा दांडा, म्हणजे जॉयस्टिक लावायची का, यावर विचार झाला. तेव्हा एक शंका निघाली. मुलं खेळून झालं की तो जमिनीवरच टाकणार आणि कुणाचा तरी पाय पडून दांडा मोडणार! काय, ओळखलं ना तुमचं घर?

मग त्यांनी योकोईंचीच एक युक्ती उचलली. अधिकच्या चिन्हासारखं चपटं बटण, वर-खाली-डावी-उजवीकडे दाबायचं. ते आधी १९८२ सालच्या हातात धरायच्या एका छोट्या गेमवर वापरलं होतं. मोडायला वर आलेला दांडाच नाही आणि अंगठा न बघता बरोबर बसतो. आजच्या बहुतेक रिमोटवर डाव्या बाजूला ते बटण आहे. आत्ताच जाऊन बघा.

तरी पहिल्या फॅमिकॉममध्ये एक चूक झालीच. त्याची इतर बटणं रबराची आणि चौकोनी होती. जोरात दाबली की ती अडकून बसत. मग ती बदलून गोल आणि कडक प्लॅस्टिकची केली. बघा, एवढ्याशा बटणाचा आकार चुकला तरी खेळाचा विचका होतो.

आता या प्रश्नाचा खरा अवघड भाग. 'हातात बसतं का', पण कुणाच्या हातात? ज्याला दोन्ही हात वापरता येत नाहीत, ज्याची बोटं नीट वळत नाहीत, त्यानं नुसतं बघत बसायचं का? मायक्रोसॉफ्टनं २०१८ साली अशा मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी एक वेगळा कंट्रोलर आणला. त्यावर दोन मोठाल्या चकत्या आहेत, तळहातानं, कोपरानं किंवा पायानंही दाबता येतील अशा. मागच्या बाजूला खाचांची रांग. प्रत्येक खाचेत ज्याला जे जमेल ते बटण किंवा दांडा जोडायचा. २०२३ साली सोनीनंही अशा खेळाडूंसाठी कंट्रोलर काढला. तुमच्या वर्गात असा एखादा मित्र असेल, तर या प्रश्नाला दहा गुण कमी वाटतील!

प्रश्न ३ : गेम चांगले आहेत का?

यंत्र म्हणजे नुसतं ताट. जेवण म्हणजे गेम! हे विसरल्यामुळे एकदा सगळा धंदाच बसला होता. ऐका.

१९७७ साली अमेरिकेत अटारी कंपनीनं एक यंत्र आणलं. स्मरणशक्ती किती, तर १२८ बाइट! नीट वाचा, किलोबाइट नाही, नुसते बाइट. तेवढ्या जागेत या लेखातली दोन-तीन वाक्यंही मावणार नाहीत. तरी ते धो-धो खपलं, कारण त्यावर गेम मजेदार होते. मग सगळ्यांनाच हाव सुटली. ज्याला बघावं तो घाईघाईत गेम काढू लागला. १९८२ साली 'ई.टी.' या गाजलेल्या सिनेमावर अटारीनं गेम काढायचं ठरवलं. नाताळाच्या बाजारात माल यायला हवा, म्हणून तो बनवायला मिळाले जेमतेम पाच आठवडे. खेळणारा सारखा खड्ड्यात पडायचा आणि बाहेर येता येता वैतागायचा. मुलांनी नाकं मुरडली. ढीगच्या ढीग कॅसेट पडून राहिल्या.

शेवटी १९८३ साली अटारीनं न विकलेला माल न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावाजवळ कचऱ्याच्या खड्ड्यात पुरला. बरीच वर्षं लोकांना ही थापच वाटायची. २०१४ साली तिथे खणलं आणि खरोखरच कॅसेट निघाल्या! त्यांत ई.टी.ही होता. खड्ड्यात पडणारा गेम, शेवटी स्वतःच खड्ड्यात!

दोष एकट्या ई.टी.चा नव्हता, वाईट गेमचा पूरच आला होता. दुकानदार व्हिडिओ गेमचं नाव काढू देईनात. म्हणून १९८५ साली निंटेंडो अमेरिकेत उतरली, ती ताक फुंकून पिणारी. तिनं यंत्रात कुलपासारखी एक चिप बसवली. परवानगीशिवाय बनवलेली कॅसेट चालणारच नाही. दुसऱ्या कंपनीनं वर्षाला पाचच गेम काढायचे, अशी अटही घातली. यामुळे निंटेंडोची दादागिरी वाढली, अशी तक्रार झाली आणि ती चुकीची नव्हती. पण 'कमी करा, नीट करा' हा धडा लोकांना पटला.

नीट केलेला गेम कसा असतो? १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' घ्या. सगळा गेम ४० किलोबाइटचा. तुमच्या मोबाईलमधला एक फोटो याच्या पन्नास-साठ पट मोठा असतो. जागा वाचवायला काय केलं असेल? आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांचं चित्र एकच. रंग तेवढा बदलला, ढग पांढरा, झुडूप हिरवं! ही चलाखी कित्येकांच्या वर्षानुवर्षं लक्षातही आली नाही.

प्रश्न ४ : दणकट आहे का?

हा प्रश्न घरातल्या मोठ्यांना विचारा. तुमचे आई-बाबा, काका-मामा नव्वदच्या दशकात शाळेत असतील, तर त्यांना 'कॅसेटवाला व्हिडिओ गेम' नक्की आठवेल. आपल्याकडे मिळायची ती बहुतेक यंत्रं म्हणजे फॅमिकॉमच्या स्वस्त नकला. कॅसेटवर लिहिलेलं असायचं '९९९९ गेम', आणि आत तेच पाच-दहा गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा! गेम सुरू नाही झाला की काय करायचं? कॅसेट काढायची, तोंडाजवळ धरायची आणि फूऽऽ! पुन्हा लावली की चालू.

गंमत म्हणजे जगभरातली मुलं हेच करत होती. कुणी कुणाला शिकवलं, देव जाणे! निंटेंडोनं मात्र सांगितलं होतं, फुंकू नका. फुंकरीबरोबर तोंडातली ओल धातूच्या टोकांवर बसते आणि ती गंजतात. मग फुंकल्यावर चालायचं कसं? कॅसेट काढून पुन्हा लावली की टोकं नव्यानं जुळायची. काम व्हायचं ते त्यानं, श्रेय जायचं फुंकरीला!

महाग यंत्रं तरी कुठे अमर असतात? २००५ सालच्या 'एक्सबॉक्स ३६०' वर पुढच्या बाजूला तीन लाल दिवे पेटले की समजायचं, बिघडलं. इतकी यंत्रं बिघडली, की २००७ साली मायक्रोसॉफ्टला या बिघाडासाठीची वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. म्हणून दुकानात पहिला प्रश्न 'पॉवर किती' हा नको. 'बिघडलं तर दुरुस्त कोण करणार' हा हवा.

आणि घरात रांगतं बाळ असेल तर? २०१७ साली आलेल्या 'निंटेंडो स्विच'चे गेम नखाएवढ्या चिपवर येतात. बाळानं ते गिळू नये म्हणून त्यांवर भयंकर कडू पदार्थाचा थर दिलाय. चाटून बघायचं नाही हं! सांगून ठेवतोय.

प्रश्न ५ : एकत्र खेळता येतं का?

फॅमिकॉमला सुरुवातीपासून दोन रिमोट होते. दोन म्हणजे भांडण, आणि दोन म्हणजेच मजा. १९९६ च्या 'निंटेंडो ६४' ला तर चार रिमोट लावायची सोय होती.

आता याच कंपनीचं एक नापास झालेलं पोर बघा. 'व्हर्च्युअल बॉय', साल १९९५. बनवणारे कोण, तर आपले योकोईच! टेबलावर ठेवलेल्या चष्म्यासारख्या खोक्यात डोळे घालायचे, की आत खोली असलेलं चित्र दिसायचं, तेही फक्त लाल आणि काळं. ताई खेळत असली तर धाकट्यानं काय बघायचं? तिची पाठ! एका वेळी एकच जण खेळणार, दुसऱ्याला काही दिसणार नाही. वर डोळे आणि मान दुखल्याच्या तक्रारी. वर्षभराच्या आत ते बंद झालं. मोठ्या माणसांकडूनही चुका होतात, दोस्तांनो.

याच्या उलट २००६ सालचं 'वी'. त्याच सुमारास आलेल्या 'प्लेस्टेशन ३' पुढे ताकदीत ते अगदीच किरकोळ होतं. पण त्याचा रिमोट हवेत फिरवला की पडद्यावर टेनिसची रॅकेट फिरायची. बटणांची भीती वाटणारी आजीसुद्धा उठून बॉलिंग खेळू शकायची. काहींच्या हातातून रिमोट निसटून थेट टीव्हीवर आदळला, तेव्हा कंपनीनं मनगटाला अडकवायचे जाड पट्टे वाटले! विक्रीचा निकाल? वी १० कोटींहून अधिक, प्लेस्टेशन ३ सुमारे ८.७ कोटी. आजीनं पॉवरला हरवलं म्हणायचं!

प्रश्न ६ : थांबता येतं का?

हा शेवटचा प्रश्न आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा.

१९७६ साली अमेरिकेत 'फेअरचाइल्ड चॅनेल एफ' नावाचं यंत्र आलं. जेरी लॉसन या इंजिनिअरच्या देखरेखीखाली ते तयार झालं. कॅसेट बदलून नवा गेम खेळायची सोय ही त्याची मोठी देणगी. पण त्यावर आणखी एक साधंसं बटण होतं, 'होल्ड'. दाबलं की चालू खेळ जागच्या जागी थांबायचा. पार्लरमधलं यंत्र कशाला थांबेल तुमच्यासाठी? घरी मात्र दाराची बेल वाजते, दूध उतू जातं, पाहुणे येतात. हे सगळं त्या एका बटणानं ओळखलं.

पुढे १९८७ साली अमेरिकेत आलेल्या 'लेजंड ऑफ झेल्डा' या गेमच्या कॅसेटच्या पोटात छोटीशी बॅटरी बसवलेली होती. यंत्र बंद केलं तरी तुम्ही कुठवर आलात ते कॅसेटला आठवायचं. मोठा गेम एका बैठकीत संपवायची सक्ती संपली. आज थोडं, उद्या थोडं.

आता काही गेम बरोबर उलटं करतात. रोज आलात तर बक्षीस, नाही आलात तर तोटा. पैसे देऊन बंद पेटी घ्या, आत काय निघेल ते नशीब! अशा पैशांच्या पेट्या २०१८ साली बेल्जियमनं जुगारात धरल्या. म्हणजे पार्लरचं नाणं मागच्या दारानं घरात शिरलं म्हणा ना! आणि खेळ थांबवताच येत नाही, बाकी सगळं सुटत जातं, या अवस्थेची जागतिक आरोग्य संघटनेनंही आजारांच्या यादीत नोंद घेतली आहे. म्हणून यंत्र निवडताना बघा, वेळ ठरवून देता येते का? परवानगीशिवाय खरेदी बंद करता येते का? पालकांनो, ही सोय बऱ्याच यंत्रांत असते. मुलांसमोर बसून ती लावा, चोरून नको. दोघांनी मिळून ठरवलेला नियम जास्त टिकतो.

निकाल

तर निकाल काय? साठपैकी साठ कुणालाच नाहीत. गंमत अशी, की 'पॉवर किती' हा प्रश्न आपण विचारलाच नाही आणि तरीही कोण पास, कोण नापास हे कळलं. पॉवर वाईट नाही. चांगल्या गेमला ती उपयोगी पडतेच. पण ती हुशार विद्यार्थ्याच्या सुंदर अक्षरासारखी. उत्तर बरोबर असेल तर शोभा, नाहीतर नुसतीच शाई!

आता तुमचा गृहपाठ. एका कागदावर हे सहा प्रश्न लिहा. जे यंत्र हवंय ते आधी मित्राकडे किंवा दुकानात खेळून बघा. मग तुम्ही, भावंडं आणि आई-बाबा, प्रत्येकानं वेगवेगळे गुण द्या. शेवटी कागद शेजारी शेजारी ठेवा. जिथे गुण जुळत नाहीत, तिथेच बोलायचं. रडारड नको, रुसवाफुगवी नको. कदाचित कळेल, की नव्यापेक्षा मामाच्या माळ्यावर पडलेलं जुनं यंत्रच जास्त गुण मिळवतंय. तसं झालं तर फ्रीजचे पैसे वाचले!

आणि हो, यंत्र घरी आलं आणि आईनं जेवायला हाक मारली, की थांबायचं बटण दाबायचं. यंत्र लगेच थांबेल, ते पास. तुम्ही उठलात का? त्या प्रश्नाचे गुण मात्र आई देणार!